सिंगापूरचा शेवटचा दिवस: गाळ्यांवरच्या जेवणामागचा इतिहास

सिंगापूरच्या सहलीचा शेवटचा दिवस बहुतेकांचा सारखाच जातो. सकाळी लिटिल इंडिया, मुस्तफा या मोठ्या दुकानात राहिलेली खरेदी, दुपारी मॅक्सवेल नाहीतर लाऊ पा सात या गाळ्यांच्या खाद्यबाजारांत जेवण, संध्याकाळी नदीकाठी फेरफटका आणि मग चांगी विमानतळ. या वाटेवर छपराखाली मिळणारं स्वस्त, स्वच्छ खाणं पन्नास-साठ वर्षांपूर्वी थेट रस्त्यावर मिळायचं.

1819 मध्ये ब्रिटिशांनी इथं ठाणं मांडलं आणि चीन, मलाया, तामिळ मुलखातून मजूर येऊ लागले. बहुतेक एकटे, दाटीवाटीच्या खोल्यांत राहणारे. त्यांची चूल म्हणजे फेरीवाला: खांद्यावर कावड, एका टोकाला शेगडी, दुसऱ्या टोकाला भांडी. आपल्याकडूनही माणसं गेली, पण काही जण बेड्या घालून. 1825 पासून 1873 पर्यंत सिंगापूर ही हिंदुस्थानातल्या कैद्यांची वसाहत होती आणि त्यांत मुंबई इलाख्यातले कैदीही होते. सेंट अँड्र्यूज कॅथेड्रल याच कैद्यांच्या हातचं.

दुसऱ्या महायुद्धानंतर बेकारी वाढली तसे फेरीवालेही वाढले. नळ नाही, मोरी नाही. भांडी एकाच बादलीत विसळायची आणि खरकटं गटारात. पटकी, विषमज्वराची धास्ती होतीच. 1950 मध्ये ब्रिटिश सरकारने चौकशी आयोग नेमला, पण खरी हालचाल झाली ती सिंगापूरच्या स्वातंत्र्यानंतर. 1968-69 मध्ये बेटावरच्या सुमारे 24,000 फेरीवाल्यांची नोंदणी झाली. 1971 ते 1986 या काळात सरकारने नळ, सांडपाण्याची सोय आणि कचराकुंड्या असलेली हॉकर सेंटरं, म्हणजे फेरीवाल्यांसाठीचे छपराखालचे खाद्यबाजार, बांधून त्यांना तिथं गाळे दिले. अनेक सेंटरं नव्या सरकारी वसाहतींच्या पोटातच उभी राहिली, त्यामुळे गिऱ्हाईक पायरीशी आलं. शिस्तीचं कौतुक सगळे करतात. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते भाडं. जुन्या फेरीवाल्यांना सवलतीच्या भाड्यात गाळे मिळाले, म्हणून ताटाची किंमत आवाक्यात राहिली. नुसता दंडुका चालवून हे साधलं नसतं.

संध्याकाळी जिच्या काठी फिरायचं ती नदीही तेव्हा नाक दाबून ओलांडावी लागे. 1977 मध्ये पंतप्रधान ली क्वान यू यांनी दहा वर्षांत ती साफ करायचा हुकूम सोडला. डुकरांचे गोठे, झोपड्या, मालाच्या होड्या आणि जवळपास 5,000 फेरीवाले हलवले गेले. पाणी स्वच्छ झालं, काठावरची जुनी वर्दळ मात्र गेली. साते, म्हणजे काडीला टोचून भाजलेलं मांस, विकणाऱ्या गाळ्यांचा समुद्राजवळचा प्रसिद्ध साते क्लबही 1995 मध्ये बंद पडला. हल्ली रात्री लाऊ पा सातशेजारच्या रस्त्यावर कोळशावर साते भाजतात, ते पाहून त्याची थोडी कल्पना येते. लाऊ पा सातची अष्टकोनी इमारत 1894 ची, तिचे बिडाचे खांब ग्लासगोहून आलेले. मुळात तो मासळी-भाजीचा बाजार होता.

ताटातले पदार्थही स्थलांतरितांचेच. चीनच्या हायनान बेटावरची माणसं उशिरा आली, चांगले धंदे आधीच इतरांच्या हाती गेले होते. मग ती गोऱ्यांच्या घरी नाहीतर हॉटेलांत खानसामे झाली. चिकन राईस ही त्यांचीच देणगी. लिटिल इंडियात एकेकाळी गुरांचा व्यापार चालायचा. शाकाहाऱ्यांचा आधार असलेलं कोमल विलास हे उपाहारगृह तिथं 1947 पासून आहे.

2016 मध्ये सिंगापूरमधल्या दोन गाळ्यांना मिशेलिन या नावाजलेल्या खाद्यमार्गदर्शिकेचा तारा मिळाला आणि 2020 मध्ये युनेस्कोने या खाद्यसंस्कृतीला आपल्या वारशाच्या यादीत घेतलं. मानसन्मान झाला, पण गाळेवाल्यांचं वय साठीच्या घरात गेलंय. पहाटे उठून रस्सा उकळत बसायला पुढची पिढी फारशी तयार नाही. 2011 नंतर सरकारने नवी सेंटरं बांधायला घेतली खरी, पण छप्पर बांधणं सोपं, रांधणारा हात मिळणं अवघड.

जाता जाता एक: जेवण झाल्यावर ट्रे स्वतः उचलून ठेवा. 2021 पासून तिथं तो नियमच आहे. पहिल्यांदा लेखी ताकीद मिळते, दुसऱ्यांदा 300 सिंगापूर डॉलर दंड.