पंपाच्या पडद्यावरची सरळ रेषा

माझा एक मित्र बायोमेडिकल इंजिनिअर आहे. सिरिंज पंप (रुग्णाला ठरलेल्या वेगाने औषध देणारं यंत्र), व्हेंटिलेटर, डिफिब्रिलेटर धडधाकट ठेवणं हे त्याचं काम. एवढ्या यंत्रांमध्ये वावरणाऱ्या या माणसाच्या खिशात अजून वही असते. पंप अडला की बटणं दाबत एरर कोड वाचायचे, वहीत उतरवायचे आणि संध्याकाळी संगणकावर टंकायचे. एकदा वहीतला १ टंकताना ७ झाला. चांगली बॅटरी बदलली गेली आणि मोटरचा दोष तसाच राहिला.

'अरे, मग पंप नेटवर्कला जोडून टाका ना!' असं मी सहज म्हणालो आणि चांगलाच ऐकून घेतलं. एमआरआयच्या खोलीला रेडिओलहरी अडवणारं धातूचं अस्तर असतं, तिथे वायफाय पोचत नाही. रेडिओथेरपीच्या खोलीच्या भिंती जाडजूड काँक्रीटच्या. शिवाय बरीच यंत्रं मुद्दामच नेटवर्कपासून लांब ठेवलेली असतात. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस सुटला, तेव्हा ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत हजारो अपॉइंटमेंट रद्द कराव्या लागल्या. 'स्मार्ट हॉस्पिटल'च्या जाहिरातींत हा दिवस सहसा दिसत नाही.

मग पेन ड्राइव्ह? त्याची अडचण अशी की तो यंत्रातून माहिती घेतो तशी यंत्राला देतोही. २०१० मध्ये उघडकीस आलेला स्टक्सनेट हा व्हायरस इंटरनेटपासून तोडलेल्या यंत्रांमध्येही शिरू शकत होता, तो पेन ड्राइव्हवर बसूनच.

माझ्या मित्राकडच्या काही नव्या पंपांनी सोपी वाट धरली आहे. सर्व्हिस मेनूत गेलं की पंप आपली कुंडली पडद्यावर क्यूआर कोडच्या रूपात दाखवतो: किती तास चालला, बॅटरी किती वेळा चार्ज झाली, कॅलिब्रेशन (मापाची अचूकता जुळवणं) कधी झालं, कुठला एरर कधी आला. रुग्णाचं नाव त्यात नसतं. टॅबलेटचा कॅमेरा ते टिपतो. प्रकाश पंपाकडून कॅमेऱ्याकडे जातो, उलट काहीच जात नाही. 'त्या कोडमधून लहरी निघून पेशंटला बाधतील का?' असं त्याला एकाने गंभीरपणे विचारलं होतं. निघतात की, पडद्याच्या साध्या प्रकाशाच्या! मोबाइलला 'रेडिएशन शोषणारे' स्टिकर चिकटवणाऱ्यांचं यावर समाधान होणार नाही.

क्यूआर कोड १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्हमध्ये मासाहिरो हारा यांच्या चमूने तयार केला. कोपऱ्यांतले तीन चौकोन सगळ्यांच्या ओळखीचे आहेत. माझा जीव मात्र अडकलाय तो आतल्या गणितात. पडद्यावर दिव्याची तिरीप पडलेली, काचेला औषधाचा डाग, आणि तरी कोड अचूक वाचला जातो. कसा?

समजा मला ३ आणि ५ हे दोनच आकडे पाठवायचे आहेत. आलेखावर पहिल्या घरात ३ उंचीवर एक बिंदू, दुसऱ्या घरात ५ उंचीवर दुसरा. दोन बिंदूंतून एकच सरळ रेषा जाते. ती पुढे वाढवली की तिसऱ्या घरात ७ आणि चौथ्यात ९ मिळतात. मी ३, ५, ७, ९ असे चारही आकडे पाठवतो. यातले कुठलेही दोन डागाखाली गेले तरी उरलेल्या दोघांतून तीच रेषा निघते. एखादा न दिसता चुकीचाच वाचला गेला, समजा ३, ५, २, ९ असं आलं, तर तीन बिंदू एका रेषेत असतात आणि एक भलतीकडे. चोर सापडला! पण हिशेब बघा: दोन जादा आकड्यांत दोन हरवलेले परत मिळतात, चुकलेला मात्र एकच. कारण चुकलेल्याची किंमत शोधायच्या आधी तो कुठे बसलाय हेही शोधावं लागतं.

आयर्विंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन यांनी १९६० मध्ये मांडलेली पद्धत ती हीच, फक्त सरळ रेषेऐवजी मोठ्या घाताच्या बहुपदी, म्हणजे वळणं घेणाऱ्या रेषा. अडचण एकच. रेषा वर चढत गेली की आकडे फुगतात आणि एका बाइटमध्ये तर ० ते २५५ एवढंच मावतं. म्हणून इथलं अंकगणितच वेगळं आहे. बेरीज द्विमान आकड्यांची, हातचा न घेता, त्यामुळे १ अधिक १ शून्य. गुणाकार २५५ च्या पुढे गेला की त्यात २८५ याच बिनहातच्या रीतीने मिसळायचे. १२८ गुणिले २ म्हणजे २५६, त्यात २८५ मिसळले की उरतात २९. विचित्र वाटतं, पण या जगात शून्य सोडून प्रत्येक आकड्याने नेमका भागाकार जातो आणि उत्तर कधी बाइटबाहेर सांडत नाही. हा परिच्छेद डोक्यावरून गेला तर खुशाल सोडा, रेषा लक्षात ठेवा.

सर्वांत मोठ्या क्यूआर कोडमध्ये २९५३ बाइट मावतात, पण त्याला १७७ बाय १७७ घरं लागतात. पंपाच्या इवल्या पडद्यावर ती कॅमेऱ्याला दिसायचीच नाहीत. तिथे ५७ बाय ५७ चा कोड बरा, जास्तीत जास्त २७१ बाइटचा. नोंदी ६००० बाइटच्या असतील तर एकेका कोडमध्ये २५० बाइट घालून २४ कोड एकामागून एक झळकवायचे. मधले काही कॅमेऱ्याकडून निसटणार. मग पुन्हा रेषेचीच युक्ती, आता कोडांच्या रांगेवर: ८ कोड जादा काढायचे आणि ३२ पैकी कुठलेही २४ मिळाले की झालं. प्रत्येकावर क्रमांक असल्यामुळे निसटलेला कोणता ते आधीच कळतं. म्हणजे तो 'हरवलेला', 'चुकलेला' नव्हे, आणि स्वस्तात भरून निघतो.

हे गणित डाग पुसतं, लबाडी नाही. खोटा कोड कोणीही बनवू शकतो. त्यासाठी पंपाने शेवटी डिजिटल सही जोडायला हवी, ६४ बाइटमध्ये ती बसते.

राहिलं घड्याळ. नेटवर्क नाही म्हणजे पंपाची वेळ आपोआप जुळवून घेणारं कोणी नाही. त्यातला वेळ मोजणारा क्वार्ट्झचा स्फटिक दहा लाखांत २० भाग चुकला तरी दिवसाला पावणेदोन सेकंद आणि वर्षाला साधारण साडेदहा मिनिटांचा फरक पडतो. म्हणून पंप 'माझ्या घड्याळात आत्ता किती वाजलेत' हेही कोडमध्ये लिहितो, टॅबलेट त्याच क्षणी स्वतःची वेळ टिपतो आणि या दोन वेळांच्या फरकावरून जुन्या नोंदींच्या वेळा सुधारून घेतो. वहीच्या काळात माझा मित्र हीच वजाबाकी समासात करायचा.