नवा आरसीसीबी, जुने वायरिंग

पुण्याच्या पेठांमधल्या जुन्या वाड्यात आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवला आणि तो लगेच ट्रिप व्हायला लागला, की घरचे म्हणतात, ‘पीसच खराब आहे.’ खरे कारण बहुतेक वेळा भिंतीत असते.

या घरांचे वायरिंग झाले तेव्हा संरक्षण म्हणजे चिनी मातीचा किटकॅट फ्यूज. तो ५ अँपिअरचा असला तरी माणसाचा जीव जायला त्याच्या शंभराव्या भागाइतका प्रवाहही पुरतो. फ्यूज वायर वाचवतो, माणसाला नाही.

सुरुवातीचे ईएलसीबी, म्हणजे गळती ओळखणारे जुने स्विच, उपकरणाच्या धातूच्या अंगावर आलेला व्होल्टेज ओळखत. गळती अर्थच्या तारेऐवजी नळाच्या पाइपातून जमिनीत गेली, तर ते गप्प बसत. पुढची कल्पना, म्हणजे आरसीसीबीची, जास्त पक्की होती: फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तितकाच परत येतो का, एवढेच मोजायचे. १९५०च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत हेन्री रुबिन यांनी सोन्याच्या खाणींसाठी असे संवेदनशील यंत्र बनवले. १९६१ मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या चार्ल्स डॅल्झिएल यांनी ट्रान्झिस्टरवर चालणारे यंत्र तयार केले. माणसाला किती प्रवाह सोसतो, याचा त्यांचा अभ्यास त्यामागे होता. किती गळतीला ट्रिप व्हायचे, याची घरगुती मर्यादा अमेरिकेत सुमारे ५ मिलिअँपिअर ठरली, आपल्याकडे ३०. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०१०च्या नियमांनी ५ किलोवॅट आणि त्यापुढच्या घरगुती जोडण्यांना हे साधन सक्तीचे केले. जुनी, लहान बिऱ्हाडे मात्र त्यातून सुटली, आणि धोका तर तिथेच जास्त.

आता वाड्यातल्या ट्रिपिंगकडे. खोल्या वाटल्या गेल्या, मीटर वेगळे झाले, पण न्यूट्रल कुठेतरी एकत्रच राहिले. माझ्या दिव्याचा प्रवाह शेजारच्यांच्या न्यूट्रलमधून परतला की आरसीसीबीला तो हरवलेलाच दिसतो. ओल धरलेल्या भिंतीतली वायर आणि जुन्या गिझरची कॉइल हीसुद्धा नेहमीची कारणे. सर्किट एकेक सुटे करून मेगर (वायरचे इन्सुलेशन तपासणारे मीटर) लावला, तर दोष सापडतो. अनुभवी, परवानाधारक वायरमनला हे काम कठीण नाही. वैतागून आरसीसीबी बायपास करणे मात्र अक्षम्य आहे.

टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबावे. ते आतल्या रेझिस्टरमधून मुद्दाम गळती करून यंत्रणा ट्रिप होते की नाही, तेवढेच तपासते. अर्थिंगची तपासणी त्यात होत नाही, ती वेगळीच करून घ्यावी लागते. आणि एक हात फेजला, दुसरा न्यूट्रलला लागला तर आरसीसीबीला काहीच कळत नाही.