सिंगापूर–न्यूयॉर्क हवाई अंतर

सिंगापूरचा चांगी विमानतळ आणि न्यूयॉर्कचा जॉन एफ. केनेडी विमानतळ यांच्यातील पृथ्वीच्या पृष्ठावरून मोजलेले किमान अंतर सुमारे १५,३४९ किमी, म्हणजे जवळपास ८,२९० सागरी मैल. नियमित विनाथांबा प्रवासी सेवा असलेल्या शहरजोड्यांत हे सर्वांत लांबच्या अंतरांपैकी एक आहे.

गोलावरील दोन बिंदूंमधला सर्वांत जवळचा मार्ग बृहद्‌वृत्तावरून, म्हणजे गोलाच्या केंद्राभोवती काढलेल्या सर्वांत मोठ्या वर्तुळावरून, जातो. हा हिशेब एरवी त्रिकोणमितीचा, पण या जोडीसाठी तो तोंडी करता येतो. चांगी १०४° पूर्व रेखांशावर, केनेडी विमानतळ ७४° पश्चिमेला. दोहोंत १७८ अंशांचे अंतर, म्हणजे दोन्ही शहरे पृथ्वीच्या जवळजवळ समोरासमोरच्या रेखावृत्तांवर येतात. (घड्याळांतही ऋतूनुसार १२ किंवा १३ तासांचा फरक असतो तो यामुळेच.) साहजिकच जवळची वाट सरळ उत्तरेकडची ठरते. सिंगापूर ते ध्रुव ८८.६ अंश, तिथून न्यूयॉर्क ४९.४ अंश. बेरीज १३८, एका अंशाचे १११.२ किमी धरले की उत्तर हाती येते. बृहद्‌वृत्त नेमके ध्रुवावरून नव्हे, तर त्यापासून ३०० किमीच्या आतून जाते. सपाट भिंतनकाशावर पट्टी ठेवणाऱ्याला ही वाट कधीच दिसणार नाही.

वैमानिक मात्र बहुधा या वाटेने जात नाहीत. मध्य अक्षांशांवर उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे झोतवारे वाहतात. ते पाठीशी मिळत असतील, तर हजारभर किलोमीटरचा वळसाही परवडतो. म्हणून सिंगापूरहून निघालेले विमान पुष्कळदा प्रशांत महासागरावरून पूर्वेला जाते. २०१८ मध्ये सिंगापूर एअरलाइन्सने आपल्या मार्गाची लांबी सुमारे १६,७०० किमी सांगितली होती, ती अशाच वळशासह. परतताना अटलांटिक व युरोपवरून पुन्हा पूर्वेलाच उडाल्यास प्रवाशाची पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण होते. पुण्य किती लागते, ते तिकिटावर लिहिलेले नसते.

ही सेवा प्रथम जून २००४ मध्ये न्यूयॉर्कलगतच्या न्यूअर्क विमानतळापर्यंत सुरू झाली. चार इंजिनांचे एअरबस ए३४०-५०० महागड्या इंधनापुढे टिकले नाही आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये ती थांबली. ऑक्टोबर २०१८ मध्ये ती दोन इंजिनांच्या ए३५०-९००यूएलआर या अतिलांब पल्ल्याच्या विमानावर पुन्हा सुरू झाली. केनेडी विमानतळाची सेवा नोव्हेंबर २०२० पासूनची. प्रवासाला साधारण साडेअठरा तास लागतात.

या विमानाच्या टाक्यांत १,६५,००० लिटर इंधन मावते. एवढे वजन उचलायचे तर दुसरीकडे कपात करावीच लागते: पुढचा मालकक्ष बंद, आणि आसने फक्त १६१. त्यांतली ६७ बिझनेस आणि ९४ प्रीमियम इकॉनॉमी वर्गाची असून साधा इकॉनॉमी वर्ग ठेवलेलाच नाही.