कादंबरी सुचवण्याची गोव्यातली रीत : पार्श्वभूमी

वाचलेली कादंबरी दुसऱ्याच्या गळ्यात मारणं हा वाचनवेड्यांचा जुनाच उद्योग. गोव्यात त्याला कायम एक जोडप्रश्न चिकटलेला असतो : प्रत मिळणार कुठे? इथली शिफारस करण्याची पद्धत दर दोन-तीन पिढ्यांनी बदलली, ती अभिरुचीपेक्षा या प्रश्नामुळे जास्त.

युरोपीय पद्धतीचा आशियातला पहिला छापखाना १५५६ साली जुन्या गोव्यात आला, हे आपण छाती फुगवून सांगतो. कादंबरीच्या वाचकाला त्याचा उपयोग शून्य. तिथे धर्मप्रचाराची पुस्तकं छापली गेली, पुढे तेही थांबलं आणि सरकारी छापखाना सुरू व्हायला १८२१ साल उजाडलं. १८३२ मध्ये पणजीत सार्वजनिक ग्रंथालय निघालं, तेच आजचं कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय. तेव्हा तिथला वाचक पोर्तुगीज जाणणारा होता. गोमंतकीयाने लिहिलेली पहिली कादंबरीही पोर्तुगीजच : फ्रान्सिस्कु लुईश गोमिश यांची, १८६६ साली लिस्बनला छापलेली. मराठीत बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ त्याआधी, १८५७ मध्ये आली होती. रोमी, म्हणजे रोमन लिपीतली, कोंकणी कादंबरी १९११ च्या सुमाराची. पुढे मुंबईहून येणाऱ्या ‘रोमान्सीं’चा, म्हणजे छोटेखानी कोंकणी कादंबऱ्यांचा, मोठा वाचकवर्ग तयार झाला. म्हणजे एकाच वाड्यावर तीन भाषांतले कादंबरीवाचक नांदत होते आणि एकाच्या आवडीची दुसऱ्याला फारशी खबर नव्हती. हे तुटलेपण आजही पुरतं गेलेलं नाही.

मराठी पुस्तकं यायची ती मुंबई, पुणे, बेळगावहून. ५ ऑक्टोबर १९१० ला पोर्तुगालात प्रजासत्ताक आलं, हिंदूंना नागरी समानता मिळाली आणि मराठी शाळांबरोबर गावोगावी वाचनालयं उभी राहू लागली. १९३० चं मराठी साहित्य संमेलन मडगावात भरलं, वामन मल्हार जोशी अध्यक्ष होते. कादंबरीकारालाच समोर बसून ऐकण्याची ती संधी. पण तोवर पोर्तुगालात हुकूमशाही आली होती आणि सालाझारच्या अमलात पूर्वपरीक्षणाचा, म्हणजे छापण्याआधी मजकूर तपासून घेण्याचा, फास आवळत गेला. लग्नपत्रिकासुद्धा परीक्षकाच्या नजरेखालून जायची, तिथे पुस्तकाबद्दल छापून मोकळेपणी काय लिहिणार? १९५५ मध्ये भारत-गोवा हद्द बंद होऊन आगगाडी थांबली, तेव्हा पुस्तकांची वाट आणखी अरुंद झाली. शिफारस उरली ती तोंडी, ओळखीच्या माणसाला आणि जमलं तर प्रतीसकट.

१९६१ च्या गोवामुक्तीनंतर चित्र झपाट्याने पालटलं. १९६२ मध्ये पणजीहून ‘गोमन्तक’ दैनिक सुरू झालं आणि प्राथमिक मराठी शाळा खेड्यापाड्यांत पोचल्या. मडगावात १९६४ साली पुन्हा संमेलन भरलं, या खेपेला कुसुमाग्रजांच्या अध्यक्षतेखाली. त्याच वर्षी जानेवारीत मुंबईत ‘ललित’ मासिक निघालं. नवीन काय आलं, कोण काय लिहितंय, याचा पत्ता दूरच्या वाचकाला घरपोच मिळू लागला. चोखंदळ वाचकांची निवड छापून ‘ललित’ने वाचकाच्या शिफारशीला प्रतिष्ठाही दिली. मासिकात नाव वाचायचं, ग्रंथपालाला चिठ्ठी द्यायची आणि पुढच्या खरेदीची वाट बघायची, असा क्रम पडला.

वाचनालयात मात्र सगळ्यात खरी शिफारस कोणी लिहीतच नसे. ती पुस्तकाच्या शेवटी डकवलेल्या परतीच्या तारखांच्या चिठ्ठीवर असायची. मुदत पंधरा दिवसांची धरली, तर एका प्रतीला वर्षात जास्तीत जास्त चोवीस-पंचवीस शिक्के बसू शकतात. वर्षाला पंधरा-सोळा शिक्के म्हणजे कादंबरी कपाटात टिकतच नाही. पाच वर्षांत तीन शिक्के असतील तर पुस्तक कंटाळवाणं असेल, किंवा नुसतंच सर्वांत वरच्या फळीवर अडकलेलं असेल. दुसरी शक्यता जाणकार आधी तपासतात. यात फसगत होते ती नूतनीकरणाने. बरोबर पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने तीन शिक्के ओळीने दिसले, तर ते तीन वाचक नसून एकच रेंगाळलेला वाचक असण्याचा संभव मोठा. चिठ्ठीशेजारच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने ‘अप्रतिम’ आणि त्याखाली वेगळ्या हस्ताक्षरात ‘भिकार’ असे शेरेही सापडतात. दोन्ही वाचून पुस्तक घरी नेणारे कमी नाहीत! संगणकावर देवघेव सुरू झाली तिथे या चिठ्ठ्या कोऱ्या पडल्या. नोंदी नीट झाल्या खऱ्या, पण कपाटासमोर उभं राहून अंदाज बांधायची सोय गेली.

दुसरी अडचण बांधणीची. गोव्याच्या पावसाळी दमटपणात खळ ओली राहते, पुठ्ठ्याला बुरशी धरते, कसर लागते. म्हणून वाचनालयं नवी कादंबरी लगेच जाड पुठ्ठ्यात बांधून घेतात. बांधणारा मूळ वेष्टण काढून टाकतो, कडा कापतो, पाठीला रेक्झिन लावतो. पुस्तक टिकतं, पण मलपृष्ठावरचा मजकूर जातो. पाठीवर नुसतं नाव आणि दाखलअंक. विषय काय, हे सांगायला ग्रंथपाल किंवा आधीचा वाचकच उरतो. शहाणा ग्रंथपाल बांधणीला देण्यापूर्वी मलपृष्ठ कापून ठेवतो आणि पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला चिकटवतो. पाच मिनिटांचं काम, पण त्याने पुस्तक जास्त फिरतं.

आता शिफारशी व्हॉट्सअ‍ॅपवर होतात. मुखपृष्ठाचा फोटो आणि खाली ‘जरूर वाचा’. ही शिफारस बहुतेकदा वाया जाते. मराठी कादंबरीची आवृत्ती साधारण हजार प्रतींची. ती संपली की पुनर्मुद्रणाला वर्षं लागू शकतात, म्हणून प्रकाशक, आवृत्तीचं साल आणि कोणत्या वाचनालयात प्रत आहे हे लिहिल्याशिवाय समोरच्याच्या हाती काही लागत नाही. पृष्ठसंख्या सांगावी. अनुवाद असेल तर अनुवादकाचं नाव हवंच. कथानक पहिल्या चतुर्थांशापलीकडे उघड करू नये. आणि कोणाला आवडणार नाही हेही एका वाक्यात टाकावं, त्याने विश्वास वाढतो.

गोव्यात आणखी एक पथ्य आहे : भाषा आणि लिपी स्पष्ट लिहिणं. कोंकणी कादंबरी म्हटली तर देवनागरी की रोमी? महाबळेश्वर सैल यांची धर्मांतराच्या काळावरची कादंबरी कोंकणीत ‘युग सांवार’ आणि मराठीत ‘तांडव’ आहे. एकाने कोंकणी नाव सुचवायचं, दुसऱ्याने ते मराठीच्या कपाटात शोधायचं आणि ‘नाही मिळाली’ म्हणून परत यायचं, हा घोळ टाळायला दोन्ही नावं दिलेली बरी.

दिवाळी अंकातल्या कादंबरीचं तंत्र वेगळं. ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही वाट रुळली. अंकात ती पानांच्या मर्यादेत बसवलेली असते आणि पुस्तक होताना लेखक पुष्कळदा ती वाढवतो, कधी शेवटही बदलतो. वाचनालयातले अंक वर्गणीदारांत फिरत राहतात, त्यामुळे दिवाळीत निघालेला अंक शेवटच्या वाचकापर्यंत शिमग्याला पोचतो. तेव्हा सुचवताना अंकाचं नाव आणि साल द्यावं, आणि वाचली ती अंकातली की पुस्तकरूपातली, हेही.