‘रिठी’ म्हणजे पटकीनं ओस पडलेलं गाव?

विदर्भात सातबाऱ्यावर किंवा जुन्या नकाशात गावाच्या नावापुढे ‘रिठी’ दिसलं, की पारावर गोष्ट ठरलेलीच: पटकी म्हणजे कॉलऱ्याची साथ आली, एका रात्रीत गाव उठलं, धनाचे हंडे तिथंच पुरलेले. हंड्यांपायी किती जणांनी रात्री कुदळी झिजवल्या, विचारू नका.

रिठी हा महसुली शब्द आहे. ज्या मौजात, म्हणजे महसुली गावात, वस्ती नाही, ते रिठी. का नाही, हे तो शब्द सांगत नाही. महसुली गाव म्हणजे घरं नव्हे, शिवार. शेतकरी शेजारच्या गावात राहून तिथली जमीन कसत असले, तरी मौजा कागदावर वेगळाच राहतो. साथीनं काही गावं उठली, हेही खरंच. पण पाणी आटणं, नदीचा पूर, शेजारी बाजारपेठ वाढणं, अशानंही वस्ती हलते.

आजोबा ‘आपलं मूळ गाव रिठी’ म्हणत असतील, तर भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची नक्कल काढा. गावठाण, नाला, पांदण (शेतातून जाणारी वाट) बघा. पांदणी कुठं जाऊन मिळतात, त्यावरून माणसं कुठल्या गावी गेली असतील याचा अंदाज बांधता येतो. जागेवर जुन्या वस्तीची पांढरी माती, खापराचे तुकडे, एखादा मारोती सापडतो. काळ्या रानात पांढरीचा तो पट्टा लांबूनच उठून दिसतो.

नकाशात शेतांचे फक्त नंबर असतात, मालकांची नावं नाहीत. नंबर घेऊन तहसीलच्या अभिलेख कक्षात १९५४-५५ चं अधिकार अभिलेख, म्हणजे जमीन कुणाच्या नावे होती त्याची नोंद, मागा. पणजोबा भेटले तर तिथं भेटतील.