कोळसा थांबला, पंप चालूच

21 डिसेंबर 2018 रोजी बोट्रॉपच्या प्रोस्पर-हानिएल खाणीतून शेवटचा कोळसा वर आला आणि खाणकामगारांनी त्याचा एक तुकडा जर्मनीचे राष्ट्राध्यक्ष फ्रांक-वाल्टर श्टाइनमायर यांच्या हाती दिला. जर्मनीतली दगडी कोळशाची ती शेवटची खाण. खाणीला कुलूप लागलं की विषय मिटला, असा आपल्याकडे सर्रास समज आहे. बोट्रॉपला लागूनच असलेल्या एसेन शहराकडे नीट पाहिलं, तर तो टिकत नाही. तिथलं खाणकाम केव्हाच थांबलं, पण खाणींतलं पाणी उपसणं आजही सुरू आहे आणि ते कधी बंद करता येईल, याची तारीख कोणत्याही अभियंत्याकडे नाही.

एसेनचा जन्म कारखान्यातून झालेला नाही. साधारण इ.स. 845 मध्ये आल्टफ्रिड नावाच्या धर्मगुरूने इथे उमराव घराण्यांतल्या स्त्रियांसाठी मठ स्थापन केला. पुढे जवळपास साडेनऊशे वर्षं इथल्या मठाधिपती स्त्रियांकडे या प्रदेशाची सत्ता होती. 1803 मध्ये मठाचं राज्य संपलं. 1811 मध्ये फ्रीडरिश क्रुप यांनी ओतीव पोलादाचा छोटा कारखाना काढला, तेव्हा एसेन काही हजार वस्तीचं गाव होतं. त्यांचा मुलगा आल्फ्रेड याने 1850 च्या दशकाच्या सुरुवातीला रेल्वेच्या चाकांसाठी जोड नसलेली पोलादी धाव, म्हणजे चाकावर चढवायचं कडं, बनवली आणि तिच्यावर क्रुपचं साम्राज्य उभं राहिलं. कंपनीच्या चिन्हातली तीन कडी म्हणजे अशा तीन धावाच. 1896 मध्ये लोकसंख्या एक लाखावर गेली आणि 1960 च्या सुमारास सात लाखांच्या पुढे. मधल्या काळात तोफा, वेठबिगारांच्या जिवावर चाललेलं युद्धकालीन उत्पादन, बॉम्बहल्ल्यांत बेचिराख झालेलं शहर आणि न्यूरेंबर्गचा खटला हे सगळं येऊन गेलं. हा इतिहास बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतो. मला जास्त ओढ आहे ती एसेनच्या पायाखालच्या इतिहासाची.

इथला कोळसा 30 कोटी वर्षांहून जुना आहे. त्याचे थर उत्तरेकडे उतरते आहेत. दक्षिणेला, रुहर नदीच्या खोऱ्यात, ते थेट जमिनीवर उघडे पडतात, म्हणून पहिलं खाणकाम तिथेच, डोंगराच्या कुशीत आडवे बोगदे खणून झालं. उत्तरेला कोळशावर चुनखडीयुक्त मातीच्या खडकाचं जाड पांघरूण आहे. ते भेदायचं तर खोल विहिरी आणि पाणी उपसायला वाफेची इंजिनं हवीत. हे जमलं ते 1830 च्या दशकात, उद्योजक फ्रान्त्स हानिएल यांच्या खाणींत. म्हणजे दोनशे वर्षांत खाणकाम दक्षिणेकडून उत्तरेकडे आणि उथळाकडून खोलाकडे सरकत गेलं.

भूगर्भातलं शोधताना जर्मन खाणकामगारही पूर्वी दुबेळक्याची काठी घेऊन फिरत. खनिजशास्त्राचा पाया घालणाऱ्या आग्रिकोला यांनी 1556 च्या आपल्या ग्रंथात स्पष्ट लिहिलं होतं की जाणत्या खाणकामगाराला या काठीची गरज नाही, त्याने जमिनीच्या नैसर्गिक खुणा वाचाव्यात. साडेचारशेहून अधिक वर्षांनंतरही आपल्या गावागावांत बोअर घेण्याआधी काठी नाहीतर नारळ घेतलेला पाणाड्या बोलावला जातो आणि कर्ज काढून त्याची दक्षिणा दिली जाते. हे थांबायला हवं.

आता मूळ मुद्दा. खोल खाणीत कोळशाची लांबच लांब भिंत यंत्राने कापत पुढे जातात. दोन-तीनशे मीटर रुंदीच्या त्या भिंतीपाशी छताला पोलादी टेकू असतात. यंत्र पुढे सरकलं की टेकूही सरकतात आणि मागचं छत मुद्दाम कोसळू देतात. कोसळलेला खडक फुगून जागा व्यापतो, पण वरच्या शेकडो मीटर खडकाच्या भाराखाली तो पुन्हा दाबला जातो. त्याच्या वरचे थर तुटत नाहीत, वाकतात. हे वाकणं थराथराने वर चढत जमिनीपर्यंत पोचतं आणि तिथे बशीसारखा विस्तीर्ण, उथळ खोलगटा तयार होतो.

हा खोलगटा खालच्या पोकळीपेक्षा बराच मोठा असतो, कारण परिणाम सरळ वर न जाता तिरका पसरतो. लंबरेषेशी तो सुमारे 35 अंशांचा कोन करतो असं धरा. मग 800 मीटर खोलीवरच्या कामाचा परिणाम खाणीच्या कडेपासून 800 × टॅन 35°, म्हणजे साधारण 560 मीटर बाहेरपर्यंत जाणवेल. उलट बाजूने पाहिलं, तर जमिनीवरच्या एका बिंदूखाली 560 मीटर त्रिज्येचं वर्तुळ येतं. त्यातला सगळा कोळसा निघाला तरच तो बिंदू पुरता खचतो, आणि तेव्हाही काढलेल्या थराच्या जाडीच्या सुमारे 90 टक्क्यांपर्यंतच.

गंमत अशी की घराचं नुकसान खचण्यामुळे होतंच असं नाही. सगळा पाया सारखाच पाच मीटर खाली गेला, तर भिंतीला चीरही पडत नाही. घर मोडतं ते जागोजागच्या खचण्यातल्या फरकामुळे. खोलगट्याच्या कडेला जमीन ताणली जाते आणि भिंती फाटतात, मध्यभागी ती दाबली जाते आणि फरश्या उचकटतात. खालची भिंत पुढे सरकते तसा हा ताणदाबाचा पट्टाही शहराखालून सरकत जातो. एकाखाली एक असे अनेक थर काढल्यामुळे रुहरच्या या खाणपट्ट्यात काही भाग 20 मीटरहून अधिक खाली गेले आहेत.

जमीन खचली, तरी नद्यांना उतार लागतोच. एसेनच्या उत्तरेची एम्शर नदी आधीच संथ. खचण्याने तिचा उतार मोडला, पाणी साचलं आणि त्यात खाणींचं व शहरांचं सांडपाणी मिसळून साथी पसरल्या. जमिनीखाली गटारं घालावीत, तर हलत्या जमिनीत नळ फुटणार. म्हणून 1899 मध्ये स्थापन झालेल्या एम्शर सहकारी संस्थेने नदीलाच काँक्रीटचं उघडं गटार केलं. तिचं ऱ्हाइनला मिळणारं मुखही 1910 आणि 1949 मध्ये उत्तरेकडे हलवावं लागलं. खाणकाम आणखी उत्तरेला सरकून जमीन स्थिरावली, तेव्हा कुठे 1992 मध्ये नदी सांडपाण्यापासून मोकळी करण्याचं काम सुरू होऊ शकलं. 51 किलोमीटरचा भूमिगत सांडपाणी बोगदा बांधून 2021 च्या अखेरीस ते तडीस गेलं.

तरीही खचलेल्या भागांतलं पावसाचं पाणी आपोआप नदीकडे जात नाही, ते पंपांनी वर चढवावं लागतं. पंप बंद पडले तर खाणपट्ट्याचा जवळपास पाचवा हिस्सा तळ्याखाली जाईल. 2017 मध्ये एसेनला युरोपची हरित राजधानी हा मान मिळाला आणि तो रास्तच होता. पण त्या हिरवाईखाली पंप चालू आहेत, हे कौतुक करणारे बहुधा सांगत नाहीत.

दुसरं पाणी त्याहून खोलवरचं. मोकळ्या पडलेल्या बोगद्यांत खडकांतलं खारं पाणी भरत राहतं. ते पिण्याच्या पाण्याच्या थरांपर्यंत येऊ नये, म्हणून एसेनच्या हाइनरिश खाणीसह मोजक्या ठिकाणी ते ठरलेल्या पातळीच्या खालीच रोखून धरतात. 2007 मध्ये स्थापन झालेली आरएजी या जर्मन कोळसा कंपनीच्या नावाची आरएजी प्रतिष्ठान ही संस्था गुंतवणुकीच्या उत्पन्नातून या कायमच्या कामांचा खर्च उचलते. हा खर्च वर्षाला 20 कोटी युरोंहून अधिक आहे. चंद्रपूर-वणी पट्ट्यातल्या खाणींचा हिशेब मांडताना ही रक्कम लक्षात ठेवावी. भारतात 2009 पासून खाण बंद करण्याचा आराखडा आणि त्यासाठी राखीव खातं बंधनकारक आहे. पण बंद झाल्यानंतरच्या पाण्याचा खर्च पिढ्यान् पिढ्या चालतो.

बंद खाणीतलं पाणी चढू दिलं की आणखी एक गोष्ट घडते. छिद्रांतल्या पाण्याचा दाब वाढतो, खडकाच्या कणांवरचा भार हलका होतो आणि जमीन थोडीशी वर उचलली जाते. ही वाढ बहुतेक ठिकाणी काही सेंटिमीटरचीच असते आणि सपाट उचलली गेली तर घरांना कळतही नाही. पण खडकातल्या जुन्या भेगेच्या (भूभंगाच्या) एका बाजूला ती जास्त झाली, तर भिंती तडकतात. नेदरलँड्सच्या सीमेजवळच्या वासेनबेर्गमध्ये हे घडलं आहे. म्हणूनच रुहरमध्ये आता खाणीतल्या पाण्याची पातळी आणि उपग्रहाच्या रडारने मोजलेली जमिनीची उंची, दोन्ही सोबतच तपासतात.