लाकडी वाडग्यावर बोली

१९९० साली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात जॉन हार्टम हे कलाशिक्षक आणि त्यांच्या सहकारी लिसा ब्लॅकबर्न यांनी शाळकरी मुलांकडून मातीचे वाडगे करून घेतले. भुकेल्यांसाठी निधी जमवायचा होता. जेवणाचा बेत अगदी साधा, सूप आणि पाव. पण तो मुलांनी केलेल्या वाडग्यांतून वाढला, आणि उठताना पाहुण्यांना सांगितलं की वाडगा घरी न्या, जगात किती वाडगे रिकामे आहेत याची आठवण म्हणून. 'एम्प्टी बोल्स' या नावाने हा उपक्रम गावोगाव पसरला. कुंभारकाम करणाऱ्यांच्या जोडीला लाकूड कातणारेही त्यात आले. आज अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये लेथवर, म्हणजे लाकूड फिरवत ठेवून हत्याराने कातायच्या यंत्रावर, हौसेने काम करणाऱ्यांची अनेक मंडळं हाताने घडवलेले वाडगे, ताटल्या, पळ्या, पाव कापायचे पाट धर्मादाय विक्रीसाठी आणि लिलावासाठी देतात.

या प्रथेच्या मागे जाऊ लागलं की एक गोष्ट फार लवकर लक्षात येते. आज जिच्यावर चढती बोली लागते ती वस्तू शतकानुशतकं गरिबाच्या घरातली होती. धातू परवडत नाही त्याने लाकडात खावं, असाच अनेक ठिकाणी व्यवहार होता. ती लिलावाच्या टेबलावर कशी आली, हे मला तिच्या किमतीपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

आपल्याकडे लाकडी पळीचा सर्वांत जुना मान यज्ञातला. आहुती वाढायच्या पळ्यांना वेगवेगळी नावं आणि प्रत्येकीचं लाकूड ठरलेलं: जुहू पळसाची, उपभृत् पिंपळाची, ध्रुवा विकंकताची आणि स्रुवा खैराचा. देवाला वाढायचं ते लाकडाने. माणसांच्या पंगतीत मात्र लाकूड फारसं आलं नाही. तिथे केळीचं पान, पत्रावळ, पितळ आणि कासं. लाकडात तेल-मीठ मुरतं, ते धातूसारखं राखेने घासून लख्ख होत नाही, हे त्याचं व्यवहारी कारण असावं. मनुस्मृतीत निरनिराळ्या वस्तूंची शुद्धी कशी करावी हे सांगताना लाकडी वस्तूंसाठी 'तक्षण' सांगितलं आहे, म्हणजे वरचा थर तासून काढणं. शुद्धाशुद्धतेच्या त्या सगळ्या व्यवस्थेशी माझं भांडण आहे, पण एवढं निरीक्षण मात्र लाकूड हाताळणाऱ्याचं आहे. खाटकाचा ओंडका आजही तासूनच साफ होतो. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला विस्कॉन्सिन विद्यापीठात डीन क्लिव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वयंपाकघरातले लाकडी आणि प्लॅस्टिकचे पाट तपासले. लाकडात शिरलेले जिवाणू पृष्ठभागावर पुन्हा सहसा सापडत नाहीत आणि हळूहळू मरतात, उलट सुरीने चरे पडलेलं प्लॅस्टिक साफ करणं अवघड जातं, असं त्यांना दिसलं. लाकूड अस्वच्छ, ही समजूत त्यानंतर बरीच सैल झाली.

दानासाठी घडवलेल्या लाकडी पात्राची एक जुनी कथा विनयपिटकात, म्हणजे बौद्ध भिक्षूंच्या नियमांच्या ग्रंथात आहे, आणि ती या विषयाच्या इतकी जवळची आहे की मी पहिल्यांदा वाचली तेव्हा चकित झालो. राजगृहाच्या एका श्रेष्ठीला चंदनाचा मौल्यवान ओंडका मिळाला. त्याने ठरवलं, याचं भिक्षापात्र कोरून घेऊ. छिलके माझ्या उपयोगाला राहतील आणि पात्र दान देऊ. ते त्याने उंच बांबूला टांगलं आणि जाहीर केलं की ज्याच्या अंगी सिद्धी असेल त्याने ते उतरवून न्यावं. पिंडोल भारद्वाज नावाच्या भिक्षूने आकाशात उडून ते घेतलं. लोकांनी जयघोष केला. बुद्ध मात्र रागावले. एका लाकडी पात्रासाठी असं प्रदर्शन मांडलंस, म्हणून त्यांनी पिंडोलाची कानउघाडणी केली, पात्र फोडून त्याची पूड भिक्षूंना अंजनात घालायला द्यायला लावली आणि भिक्षूंना लाकडी पात्रं वर्ज्य ठरवली. लोखंडाचं किंवा मातीचं चालेल, असं सांगितलं. श्वेतांबर जैन साधूंनी उलट लाकडी पात्रच धरलं. त्यांची रंगवलेली, हलकी, एकात एक बसणारी पात्रं आजही बनतात, आणि श्रावक, म्हणजे गृहस्थ जैन, ती साधूंना वहोरावतात, म्हणजे भक्तीने दान देतात.

मराठी घरात लाकडाने आपली जागा राखली ती काठवटीच्या रूपाने. एकाच लाकडातून कोरलेली, पसरट, जाड काठाची. भाकरीचं पीठ तिच्यात मळायचं. तिच्याभोवती पोळपाट, लाटणं, रवी, अडणी, शेवेचा सोऱ्या, मोदकाचे साचे. कोकणात करवंटीला लाकडी दांडा बसवून केलेला डवला आमटी वाढायला असे. लेथसारख्या यंत्रावर लाकूड गोल करणाऱ्याला आपण कातारी म्हणत आलो. दोरी गुंडाळलेली कमान एका हाताने मागेपुढे ओढायची, दुसऱ्या हाताने हत्यार धरायचं आणि पायाच्या बोटांनी त्याला आधार द्यायचा. पाळण्याचे खांब, खेळणी, लाटणी याच हातांतून आली. सावंतवाडीची रंगीत लाखकामाची लाकडी फळं आणि खेळणी ज्यांनी हाताळली आहेत त्यांना या कामाची सफाई वेगळी सांगायला नको. मग जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, भांडी आली, स्टील आलं, शेवटी प्लॅस्टिक. काठवट माळ्यावर गेली.

इंग्लंडमध्ये हाच प्रवास अधिक स्पष्ट दिसतो, कारण तिथे रोजचं जेवणच लाकडात होतं. मध्ययुगात शिळ्या पावाच्या जाड कापावर अन्न वाढत. त्याच्या जागी पुढे चौकोनी लाकडी पाटी आली, कोपऱ्यात मिठासाठी छोटा खळगा. १५४५ साली बुडालेलं 'मेरी रोझ' हे आठव्या हेन्रीचं युद्धजहाज १९८२ मध्ये समुद्रातून वर काढलं. त्यात साध्या खलाशांचे कातीव लाकडी वाडगे आणि थाळ्या मिळाल्या, आणि अधिकाऱ्यांची कथलाच्या मिश्रधातूची भांडी. काही लाकडी भांड्यांवर मालकांनी चाकूने खुणा कोरल्या होत्या. आपला वाडगा दुसऱ्याने नेऊ नये, एवढीच त्या खलाशाची काळजी. लंडनच्या कातकाम करणाऱ्यांच्या संघाला १६०४ मध्ये पहिल्या जेम्स राजाने सनद दिली, म्हणजे धंदा तेव्हा भरात होता. अठराव्या शतकात स्टॅफर्डशायरची चिनी मातीची भांडी स्वस्त झाली आणि लाकूड ताटावरून उठलं.

बर्कशायरमधल्या बकलबरी इथले जॉर्ज लेली हे या परंपरेतले शेवटचे म्हणून ओळखले जातात. पायाने दाबायचा लेथ, वर लवचिक दांडा. पाय दाबला की लाकूड फिरतं आणि कापलं जातं, पाय सोडला की दांडा ते उलटं फिरवतो, म्हणजे अर्धा वेळ हत्यार रिकामंच. एवढ्या साध्या साधनावर ते आकड्यासारख्या वाकड्या हत्यारांनी एल्म या झाडाच्या एकाच ठोकळ्यातून एकात एक बसणारे अनेक वाडगे काढत. मोठ्या वाडग्याच्या पोटातलं लाकूड वाया जाऊ द्यायचं नाही, ते पुढचा वाडगा होतं. १९५८ मध्ये लेली वारले, चालवायला कोणी नव्हतं. त्यांचा लेथ रेडिंगच्या ग्रामीण जीवनाच्या संग्रहालयात गेला. पुढे १९९०च्या दशकात रॉबिन वुड यांनी जुनी अवजारं आणि जुने वाडगे अभ्यासून हे काम पुन्हा सुरू केलं, आणि जेवायला वापरायचे वाडगे केले. मला या माणसाबद्दल विशेष आदर आहे तो यासाठीच.

अमेरिकेत या सगळ्याला वेगळं वळण मिळालं. १९३०च्या दशकापासून जेम्स प्रेस्टिनी यांनी इतक्या पातळ भिंतीचे वाडगे कातले की न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने ते संग्रहात घेतले. बॉब स्टॉक्सडेल (१९१३–२००३) यांनी दुसऱ्या महायुद्धात शस्त्र धरायला नकार दिला. अशा लोकांसाठीच्या श्रमछावणीत असताना ते वाडगे कातायला लागले. नंतर कॅलिफोर्नियात बर्कली इथे त्यांनी आयुष्यभर तेच केलं. सॅलडचे वाडगे आणि ताटल्या विकूनही घर चालवलं. केंटकीतल्या बेरिया कॉलेजात रूड ओसोल्निक शिकवत होते. मेल आणि मार्क लिंडक्विस्ट या पितापुत्रांनी बुरशीने काळ्या रेषा उमटलेलं, एरवी सरपणात गेलं असतं असं लाकूड मुद्दाम निवडलं. ही माणसं एकेकटी काम करत होती. १९७६ पासून ॲल्बर्ट लकॉफ यांनी पेनसिल्व्हेनियातल्या जॉर्ज स्कूलमध्ये कातकामाची शिबिरं भरवली, लोक एकमेकांना भेटले, युक्त्या उघड झाल्या. १९८६ मध्ये अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्स ही संस्था झाली, डेव्हिड एल्सवर्थ तिचे पहिले अध्यक्ष. पुढच्या वर्षी ब्रिटनमध्ये तशीच संस्था निघाली.

धर्मादाय लिलावाचं मूळ मला इथे दिसतं. या मंडळांत येणाऱ्यांपैकी बहुतेकांचं पोट लेथवर अवलंबून नव्हतं. नोकरी दुसरीच, बरेचसे निवृत्त, आणि हाताला लागलेला नाद जबरदस्त. लेथवर वाडगा तासा-दोन तासांत होतो. घरातल्यांना, मित्रांना देऊन झालं की वाडग्यांची चळत उरतेच. ती कुठेतरी उपयोगी पडावी ही इच्छा आणि 'एम्प्टी बोल्स'सारखा उपक्रम, हे एकमेकांना भेटले. अमेरिकन संस्थेच्या वार्षिक मेळाव्यातही सभासदांनी दिलेल्या वस्तूंचा लिलाव होतो आणि पैसे कातकामाच्या शिक्षणासाठीच्या मदतीला जातात.

लिलाव ही गोष्ट आपल्याला परकी नाही. शब्द पोर्तुगीज 'लैलाऊं'वरून आला आहे, पण पद्धत गावातल्या देवळात रुजली. गोव्यात देवाला वाहिलेल्या नारळ-केळ्यांची पावणी होते, लोक बोली वाढवतात, आणि नारळाची बाजारातली किंमत तिथे कोणी विचारत नाही. मुंबईत गणेशोत्सवानंतर मोठ्या मंडळांत अर्पण केलेल्या दागिन्यांचा लिलाव असतो. आणि लिलावातून समाजकार्याला पैसा उभा करणं सर्वांत बिनदिक्कतपणे कोणी केलं असेल, तर गांधीजींनी. ७ नोव्हेंबर १९३३ रोजी वर्ध्याहून निघालेल्या हरिजन दौऱ्यात त्यांनी सुमारे १२,५०० मैल प्रवास केला आणि ८ लाख रुपयांच्या आसपास निधी जमवला. सभेत मिळालेली मानपत्रं, ती ज्यांत घालून दिली त्या नक्षीदार पेट्या, बायकांनी उतरवून दिलेल्या बांगड्या, सगळं ते तिथल्या तिथे लिलावात काढत. आपल्यालाच दिलेल्या पेटीवर आपणच बोली पुकारायची, यात त्यांना जरा संकोच वाटत नसे.

अशा लिलावासाठी कोणी काही घडवणार असेल, तर पूर्वजांकडून घेण्यासारखं बरंच आहे. ओलं लाकूड कातायला मऊ, पण वाळताना ते वलयांच्या दिशेने जेवढं आकसतं तेवढं केंद्राच्या दिशेने आकसत नाही; साधारण दुपटीचा फरक पडतो. म्हणून गोल वाडगा लंबगोल होतो किंवा तडकतो. जाणकार आधी जाड भिंतीचा वाडगा काढतात, व्यासाच्या दहाव्या हिश्श्याइतकी जाडी ठेवतात, काही महिने सावलीत वाळवतात आणि मग पुन्हा कातून पुरा करतात. शेंगदाण्याचं तेल लावू नये, ते वाळत नाही आणि खवट होतं. जवसाचं किंवा अक्रोडाचं तेल वाळतं. मात्र रंगाच्या दुकानातलं डबल बॉइल्ड जवस तेल जेवणाच्या भांड्याला नको, त्यात लवकर वाळण्यासाठी धातूंची संयुगं घातलेली असतात. तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप पेट घेतात, पसरून वाळवा. अक्रोडाचं तेल लावलं असेल तर तसं लिहून ठेवावं, काहींना त्याची ॲलर्जी असते. विषारी झाडाचं लाकूड, कण्हेरीसारखं, वाढायच्या वस्तूला कधीही घेऊ नये.

माझा एक आग्रह आहे. वर्षानुवर्षं अशा लिलावांच्या टेबलांवर आरशासारखं चकचकीत जाड वार्निश दिलेले, शोकेससाठी केलेले वाडगे वाढत गेले आहेत. त्यांत कोशिंबीर घालायची छाती कोणाची होणार? वाढायचं भांडं म्हणून केलं असेल तर त्यात वाढता आलं पाहिजे. काठ ओठाला आणि हाताला गुळगुळीत, बुड स्थिर, पळीचा दांडा भरल्या पातेल्यात न बुडण्याइतका लांब. ज्याने बोली लावली त्याला वापराची खात्री द्या: गरम पाण्यात भिजत ठेवू नका, धुवून लगेच पुसा, कोरडं दिसलं की पुन्हा तेल लावा. चार वर्षांनी वाडगा काळपट होईल, हळदीचा डाग राहील. ते तसंच असतं.

आणि बुडाखाली लिहा. स्टॉक्सडेल आपल्या वाडग्यांच्या तळाशी सहीसोबत लाकडाचं नाव आणि ते कुठून आलं हेही लिहीत. फणस असेल तर फणस, शिवण असेल तर शिवण. वादळात पडलेल्या अंगणातल्या आंब्याचं असेल, तर गावाचं नाव आणि तो कोणत्या पावसाळ्यात पडला ते साल.